पार्सल पोचलं का?
(कोल्हापुरात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. आजचा विषय एका कवीच्या उतारवयातली पत्रं असा आहे. प्रेमपत्रांच्या आशेनं कुणी आलं असेल तर आधीच सांगून ठेवतो, मध्ये एक बाई येतील, पण बाकी सगळा मामला टपालखर्चाचा, बाइंडिंगचा आणि येणेबाकीचा आहे. मला स्वतःला त्यातच जास्त रस आहे.

कवी म्हणजे वॉल्ट व्हिटमन. जन्म १८१९चा, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरचा. पोरवयात छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला शिकला. १८५५ साली ‘लीव्ह्ज ऑफ ग्रास’ पदरच्या खर्चानं छापलं. बारा कविता, आठशेच्या आसपास प्रती, त्यातल्या काही पानांचे खिळे त्यानं स्वतः जुळवलेले. पुढं जन्मभर हेच एक पुस्तक तो वाढवत, बदलत, पुन्हा पुन्हा छापत राहिला. कवितेत सगळा देश, सगळी माणसं, झालंच तर ग्रहतारेसुद्धा मावतात.

पत्रांत मात्र हाच माणूस दोन ओळींवर येतो. पुस्तक आज रवाना केलं. पैसे पोचले. पार्सल मिळालं की कळवा.

१८७३च्या जानेवारीत त्याला पक्षाघाताचा झटका आला. डावं अंग लुळं पडलं. मे महिन्यात आई गेली. वॉशिंग्टनमधली सरकारी नोकरी पुढं सुटलीच. न्यू जर्सीतल्या कॅम्डन गावात भावाच्या घरी तो येऊन राहिला. वय चोपन्न, पण तेव्हाचे फोटो बघितलेत तर सत्तरीचा वाटतो. योगायोग असा की त्याच साली अमेरिकेत एका सेंटचं पोस्टकार्ड निघालं. पुढची एकोणीस वर्षं हे कार्ड आणि हा कवी यांची जोडी जमली.

न्यूयॉर्कच्या विक्रेत्या एजंटांनी त्याला एकामागून एक बुडवलं होतं. आजारी माणूस, दूर गावी, कोण विचारायला येतो? तेव्हा १८७६ साली त्यानं दोन खंडांची आवृत्ती काढली, एकेका खंडाची किंमत पाच डॉलर ठेवली आणि विक्री घरूनच, टपालानं सुरू केली. ऑर्डर आली की पुस्तकावर सही करायची, कागदात गुंडाळायचं, पत्ता घालायचा, पोस्टात द्यायचं. याची एक वही त्यानं ठेवली होती. ती पुढं छापून निघाली. वाचायला बसलात तर कवितेचा मागमूस लागत नाही. गिऱ्हाईकाचं नाव, पत्ता, कुठला खंड मागवला, पैसे आले का, पुस्तक कधी धाडलं, पोच आली का. लक्ष्मीपुरीतल्या एखाद्या व्यापाऱ्याला ती वही दाखवली तर तो म्हणेल, हिशेब बरा ठेवलाय.

आता थोडं लबाडीचं सांगतो. त्या जानेवारीत कॅम्डनच्या ‘वेस्ट जर्सी प्रेस’ या स्थानिक पत्रात एक निनावी लेख आला. अमेरिकेनं आपल्या या कवीची कशी उपेक्षा केली, संपादक आणि प्रकाशक त्याला कसे दारात उभं करत नाहीत, तो कसा गरीब आणि आजारी आहे, असा सगळा सूर. लेख लिहिला होता खुद्द व्हिटमननं. आणि लिहून गप्प बसला नाही. लंडनला विल्यम मायकेल रोझेटी या समीक्षक मित्राकडे तो पाठवला, ह्याचं तिकडे काही करता आलं तर बघा म्हणून. रोझेटीनं त्यातला मजकूर तिकडच्या ‘अथेनियम’ साप्ताहिकात छापवला, कवी रॉबर्ट ब्युकॅनननं ‘डेली न्यूज’ या दैनिकात आवाज उठवला, आणि अटलांटिकच्या दोन्ही काठांवर भांडण पेटलं. अमेरिकेचे संपादक चिडले. आमच्या कवीची काळजी तुम्ही कशाला करता?

हे शोभलं का? माझं मत विचाराल तर पुरतं नाही शोभलं. त्याला ही खोड जुनीच होती. पहिल्या आवृत्तीची निनावी परीक्षणं त्यानं स्वतःच लिहिली होती, आणि एमर्सन या नामवंत अमेरिकन लेखकानं खाजगीत पाठवलेलं कौतुकाचं पत्र न विचारता छापून टाकलं होतं, त्यातली एक ओळ तर पुढच्या आवृत्तीच्या पुस्तकाच्या पाठीवर सोन्याच्या अक्षरात. पण त्या लेखानं काम केलं, हेही खरं. रोझेटी आणि ॲन गिलख्रिस्ट (सुरुवातीला म्हटलेल्या बाई त्या ह्याच) यांनी इंग्लंडमध्ये वर्गणीदार गोळा केले. कवी टेनिसन आणि लेखक रस्किन यांच्यासारख्यांनी ठरलेल्या किमतीच्या दुपटी-तिपटीनं पैसे पाठवले. व्हिटमननं नंतर लिहून ठेवलंय की त्या दिवसांत इंग्लंडकडून आलेल्या या वाऱ्यानंच मला वाचवलं. त्यात एक बारकावा बघा. त्यानं मदतनिधी मागितला नाही, पुस्तकं घ्या म्हणाला. प्रत्येक डॉलरमागे एक पुस्तक बोटीनं गेलं.

आपल्याकडे नेमकं उलटं. कवी पैसे भरून संग्रह काढतो, प्रकाशक गठ्ठे घरी आणून टाकतो, आणि मग सुरू होतं ‘सप्रेम भेट’. जुन्या पुस्तकांच्या ढिगात हात घाला, हटकून सापडतो असा एखादा संग्रह. पहिल्या पानावर निळ्या शाईत ‘आदरणीय सरांना, अभिप्रायार्थ’, खाली सही, तारीख, आणि पुढची पानं एकमेकांना चिकटलेली, न कापलेली. टेनिसन परवडला. त्यानं वाचलं असेल नसेल, पैसे तरी मोजले.

आता त्या बाई. ॲन गिलख्रिस्ट या लंडनच्या विधवा बाई, स्वतः लेखिका. रोझेटीनं केलेली व्हिटमनची निवडक कविता त्यांनी वाचली आणि कवीवर जीव जडला. १८७१पासून त्यांची जी पत्रं आलीत, ती मी इथं वाचून दाखवणार नाही. लिहिणारीनं ती एका माणसासाठी लिहिली होती. व्हिटमनची उत्तरं उशिरा आणि त्रोटक. एका उत्तरात त्यानं सावध केलंय की तुम्ही मनात एक पुतळा घडवून त्याला माझं नाव देऊ नका. खरा मी अगदी साधा आहे, एवढ्या भक्तीला पात्र नाही. तरी बाई १८७६च्या सप्टेंबरात मुलांना घेऊन फिलाडेल्फियाला आल्याच. येऊ नका असं त्यानं कळवलं होतं तरी. आणि मग काय झालं, तर चांगली मैत्री झाली. हा नदी ओलांडून त्यांच्याकडे चहाला जायचा, मुक्काम करायचा. पत्रांत जे जमलं नाही ते टेबलाभोवती जमलं. चाहत्याला कसं उत्तर द्यावं याचा धडा घ्यायचा तर त्या सावध करणाऱ्या पत्रातून घ्यावा. वाचकाची भक्ती म्हातारपणी फार गोड लागते, आणि ती नको म्हणायला धाडस लागतं.

प्रकाशकांशी तो वेगळाच. १८८१ साली बॉस्टनच्या ऑसगुड कंपनीनं ‘लीव्ह्ज ऑफ ग्रास’ काढलं. आयुष्यात पहिल्यांदा नामांकित प्रकाशक मिळाला. १८८२च्या मार्चमध्ये तिथल्या सरकारी वकिलानं पुस्तक अश्लील ठरवून नोटीस धाडली. ऑसगुडनं यादी पाठवली, एवढ्या ओळी, एवढ्या कविता काढा. व्हिटमन आधी म्हणाला, चार शब्द बदलू. पुढं अख्ख्या कविताच काढायला सांगितल्यावर त्यानं साफ नकार कळवला. पत्र लहान आहे, चिडचिड नाही, उपदेश नाही. नाही म्हणजे नाही. मग तडजोडीत त्यानं काय मागून घेतलं? छपाईचे साचे, न बांधलेल्या प्रतींचे कागद आणि शंभर डॉलर. खिळे जुळवलेल्या माणसाचं हे डोकं. साचे आपल्या हातात असले की पुस्तक आपलं. त्याच साच्यांवरून फिलाडेल्फियाच्या रीस वेल्शनं पुस्तक छापलं, बंदीच्या गवगव्यामुळं पहिली छपाई एका दिवसात संपली, आणि पुढं डेव्हिड मॅके त्याचा कायमचा प्रकाशक झाला. त्या रॉयल्टीच्या पैशाला थोडं कर्ज जोडून व्हिटमननं १८८४ साली कॅम्डनच्या मिकल स्ट्रीटवर १,७५० डॉलरला घर घेतलं. पासष्टाव्या वर्षी, आयुष्यातलं पहिलं स्वतःचं.

या घरातल्या माडीवरच्या खोलीचे फोटो आहेत. खुर्चीत म्हातारा, आणि पायाशी कागदांचा गुडघाभर ढीग. पत्रं, प्रुफं, वर्तमानपत्रं, सगळं जमिनीवर. आवरायला कुणाला परवानगी नाही. १८८८पासून होरेस ट्रॉबेल नावाचा तरुण जवळजवळ रोज तिथं यायचा. छापखान्यात, बाइंडरकडे त्याच्या फेऱ्या, कारण त्या जूनमधल्या झटक्यांनंतर कवीला घराबाहेर पडणं अवघड झालं होतं. व्हिटमन काठीनं ढीग उसकटायचा, एखादं जुनं पत्र हाताला लागलं की म्हणायचा, घे, हे तुझ्या कामाचं आहे. ट्रॉबेल घरी जाऊन त्या दिवसाचं बोलणं लिहून काढायचा. त्याचा पहिला खंड १९०६ साली निघाला आणि नववा १९९६ साली. ट्रॉबेल स्वतः १९१९ सालीच वारला होता.

त्या शेवटच्या वर्षांतली मला सगळ्यात आवडणारी पत्रं बोल्टनला गेलेली आहेत. बोल्टन म्हणजे इंग्लंडमधली इचलकरंजी म्हणा, सूतगिरण्यांचं गाव. तिथं कारकून, एक डॉक्टर, वास्तुरचनाकाराच्या हाताखाली काम करणारा वॉलेस, अशी मंडळी जमून व्हिटमन वाचायची. १८८७ साली त्याच्या वाढदिवसाला त्यांनी पत्र आणि दहा पौंड पाठवले. पुढं डॉ. जॉन्स्टन १८९० साली आणि वॉलेस १८९१ साली कॅम्डनला भेटून गेले. या अनोळखी कारकुनांना म्हातारा काय लिहितो? आज नाष्ट्याला काय खाल्लं, झोप कशी लागली, बाहेर ऊन आहे, पोट साफ झालं की नाही. आणि शेवटी पुस्तकाचं, प्रुफं आली, कागद बरा आहे. कवितेवर प्रवचन नाही. टेनिसनला लिहिताना जो थोडा ताठा असतो तो इथं गळून पडतो.

आता जरा आपल्या गावाकडे येतो. राजाराम कॉलेजात शिकवणारे माधवराव पटवर्धन, म्हणजे आपले माधव जूलियन, यांनी ग्वाल्हेरच्या भा. रा. तांब्यांची समग्र कविता संपादित केली, १९३५ साली. तांब्यांनी कविता लिहायची आणि गोळा दुसऱ्यांनी करायची, असंच चाललेलं. त्याआधीचे संग्रहही मायदेवांनी आणि अज्ञातवासींनीच सिद्ध केले होते. व्हिटमन साचे स्वतःच्या ताब्यात ठेवणारा, तांबे सगळं मित्रांवर सोडणारे. (वृत्तांच्या नियमांवर ‘छंदोरचना’ लिहिणाऱ्या माधवरावांना व्हिटमनच्या मोकाट ओळी कितपत रुचल्या असत्या, हा प्रश्न निराळा.) आणि कोल्हापुरात जन्मलेले अरुण कोलटकर? त्यांनी वर्षानुवर्षं पुस्तकं रोखून धरली आणि शेवटी २००३-०४मध्ये ‘चिरीमिरी’, ‘भिजकी वही’, ‘द्रोण’ ओळीनं बाहेर पडली. मागं अशोक शहाणे होते, प्रास प्रकाशन होतं. कवी म्हातारा किंवा आजारी झाला की जवळ एक ट्रॉबेल लागतो, एवढं तिघांतही समान.

माझी तक्रार संपादकांबद्दल आहे. आपल्याकडे लेखकाची पत्रं छापताना ‘व्यावहारिक मजकूर गाळला आहे’ असं म्हणून तीन टिंबं टाकायची चाल आहे. मानधन किती, प्रती किती उरल्या, बाइंडिंग कुणी बिघडवलं, हे सगळं त्या टिंबांत जातं आणि उरतं जीवनविषयक चिंतन. व्हिटमनच्या पत्रांतून व्यवहार गाळला तर उरेल काय? १८९१च्या डिसेंबरात न्यूमोनियानं तो आडवा झाला. ‘लीव्ह्ज ऑफ ग्रास’ची अखेरची आवृत्ती पुरती बांधून व्हायची होती, म्हणून मित्रांसाठी काही प्रती घाईघाईनं जाड तपकिरी कागदाच्या कव्हरात बांधून घेतल्या. पुढं कुणी छापलं तर हीच आवृत्ती छापा, अशी सूचना पुस्तकातच घातली. २६ मार्च १८९२ला तो गेला. त्याच्या नऊ दिवस आधी बहिणीला, हॅनाला, पत्र लिहिलंय. दोन-तीन ओळी. तुझं १५ तारखेचं मिळालं, जास्त लिहवत नाही, सोबत चार डॉलर आहेत.

संपादकाच्या नियमानं यातले चार डॉलर गाळावे लागतील.

तेव्हा तुमच्यापैकी कुणाच्या घरी आजोबा-पणजोबा कवी असतील, आणि त्यांच्या ट्रंकेत पत्रांबरोबर छापखान्याची बिलं, कुणाला किती प्रती दिल्या त्याची वही, मनिऑर्डरच्या पावत्या असतील, तर पत्रं ठेवून बाकीचं रद्दीत घालू नका. करवीर नगर वाचन मंदिर १८५०पासून आपल्या गावात आहे, विद्यापीठ आहे, आधी तिथं दाखवा. आता प्रश्न असतील तर घेऊ. माइक मागंपर्यंत पोचतोय का?