हजेरीची वही

(दृश्य: बागेचं फाटक, सकाळ)

पुण्यातली ही बाग. साडेसहाला फाटक उघडतं आणि पाठोपाठ हा कट्टा भरतो. बहुतेक सगळे सत्तरीपुढचे. चार फेऱ्या, थोडा हास्ययोग, मग तासभर गप्पा.

मार्च २०२० मध्ये या फाटकाला कुलूप लागलं. २४ तारखेच्या मध्यरात्रीपासून देशभर टाळेबंदी. जूनपासून निर्बंध सैल होत गेले, तरी ६५ च्या पुढच्यांना सांगणं एकच: घरातच थांबा. दूध, औषधं, किराणा अत्यावश्यक ठरले. कट्ट्याला त्या यादीत कुणी धरलं नाही. धरायला हवं होतं.

(दृश्य: वही, जवळून)

ही त्या दिवसांतली वही. दोनशे पानी, खाकी कव्हर घातलेली. कट्ट्यावरच्या या काकू निवृत्त शिक्षिका, हजेरी घ्यायचा हात बसलेला. पहिल्या पानावर चोवीस नावं, पुढे लँडलाइनचे नंबर.

आठला पहिला फोन काकूंचा. पहिल्याने दुसऱ्याला लावायचा, दुसऱ्याने तिसऱ्याला, शेवटच्याने पुन्हा काकूंना. दहापर्यंत फोन फिरून आला नाही, की साखळी कुठे तुटली ते काकू उलट्या बाजूने शोधत जायच्या.

"कसे आहात?" असं विचारायचं नाही. त्यावर जो तो "बरंय" म्हणून मोकळा होतो. विचारायचं, "आज भाजी काय केली?" आपली भाजी सांगायची, आधीच्यांच्याही पुढे पोचवायच्या. मेथी, दोडका, मटकीची उसळ आली की नावापुढे बरोबरची खूण. सलग दोन दिवस "आपला दहीभात" आला, की टिंब. टिंब पडलं की संध्याकाळी पुन्हा फोन, आणि सोसायटीच्या वॉचमनला सांगणं, जरा दार वाजवून या.

हे ऑगस्टचं पान. एकाच नावापुढे ओळीने चार टिंबं. पाचव्या दिवशी काकूंच्या अक्षरात: "भरली वांगी. स्वतः केली."

मुलांचे व्हिडिओ कॉल रविवारी यायचे. बाकीचे सहा दिवस या वहीचे.

(दृश्य: पानं उलटताना)

१ मार्च २०२१ पासून साठीपुढच्यांना लस मिळू लागली. दुसऱ्या लाटेत वहीतली तीन नावं गेली.

(दृश्य: बाक, आज)

आता तिसरी वही चालू आहे. गुडघ्यांमुळे सात जणांना बागेपर्यंत येणं होत नाही. काकू बाकावर बसूनच त्यांना फोन लावतात.

"हं, बोला. काय केलंय आज?"

(पलीकडचा आवाज पूर्ण ऐकू द्यावा. निवेदन नाही.)