मधलं एक वर्ष

[दृश्य: जामखेडकडे जाणारा रस्ता, दोन्ही बाजूंना रानं. सकाळचं ऊन. एसटी धूळ उडवत पुढं जाते.]

सप्टेंबर 1970. अहमदनगर जिल्ह्यातलं जामखेड. गावानं दोन डॉक्टरांना काम सुरू करायला जागा दिली, ती जनावरांच्या बंद पडलेल्या दवाखान्याची. दोघं नवरा-बायको, वय पस्तिशीच्या आसपास. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे. काही महिन्यांपूर्वीपर्यंत हे दोघं अमेरिकेत, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात होते.

जामखेडला काय झालं, ते महाराष्ट्रात बऱ्याच जणांना ठाऊक आहे. आपण आज बोलणार आहोत ते त्याच्या आधीच्या वर्षाबद्दल. ऐन उमेदीत, हातात काम असताना, माणूस वर्षभर ते काम बाजूला ठेवतो आणि दूर जाऊन त्याच कामाचा विचार करतो. आरोग्य क्षेत्रातल्या लोकांना असं वर्ष मिळावं म्हणून जगात काही फेलोशिप आहेत. त्या वर्षातून काय निघू शकतं, हे आपल्या मातीत दिसलेलं आहे, म्हणून सुरुवात जामखेडपासून.

[दृश्य: जुन्या मिशन रुग्णालयाचे कृष्णधवल फोटो. व्हरांड्यात बसलेले रुग्ण, कडेवर मुलं.]

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातून शिकून बाहेर पडल्यावर आरोळे दांपत्य 1962 पासून नगर जिल्ह्यातल्याच वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात होतं. रुग्णांची रीघ लागायची. तरी एक गोष्ट खुपत होती. जुलाबानं सुकून गेलेलं मूल यायचं. सलाइन लावायचं, मूल डोळे उघडायचं, आई त्याला कडेवर घेऊन घरी जायची. काही महिन्यांनी तेच मूल, तीच आई, तीच तक्रार. विहीर तीच होती, दारिद्र्य तेच होतं. दवाखान्यात बसून हे सुटणारं नाही, हे दोघांना कळलं होतं. मग कसं सुटेल? त्याचा विचार करायला रोजची ओपीडी उरकता उरकता सवड कुठली मिळणार?

फुलब्राइट शिष्यवृत्तीवर दोघं अमेरिकेला गेले. क्लीव्हलँडमध्ये मेडिसिन आणि सर्जरीचं पुढचं शिक्षण झालं. तिथं नोकऱ्या मिळाल्या असत्या, घर झालं असतं. त्यांनी वाट धरली बाल्टिमोरची, सार्वजनिक आरोग्य शिकायला. तिथं त्यांना कार्ल टेलर भेटले. टेलर मसुरीजवळच्या लंढौरचे, मिशनरी आईवडिलांच्या पोटी भारतातच जन्मलेले. पंजाबात नारंगवालला गावपातळीवरच्या आरोग्यसेवेचं मोठं संशोधन त्यांनी उभं केलं होतं आणि हॉपकिन्सचा आंतरराष्ट्रीय आरोग्य विभागही त्यांनीच सुरू केला होता. वडाळ्यात जे नुसतं खुपत होतं, त्याला इथं शब्द मिळाले, आकडे मिळाले. तालुक्याच्या आरोग्याचा आराखडा कागदावर आला. शेती, पाणी, बायकांचं स्थान आणि आरोग्य एकाच कागदावर.

[दृश्य: टेबलावर पसरलेले कागद, पेन्सिलीनं आखलेले रकाने.]

आता एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण अशा कहाण्या सांगताना ती नेहमी गाळली जाते. सगळं कागदाबरहुकूम घडलं नाही. सुरुवातीचा बेत होता की प्रशिक्षित नर्स गावागावात राहून काम करतील. नर्सचा जीव काही तिथं रमेना, गावाचाही तिच्यावर विश्वास बसेना. मग गावातलीच बाई निवडायची ठरलं. बहुतेक जणी निरक्षर, अनेक जणी दलित. त्या बाळंतपण स्वच्छ हातांनी करायला शिकल्या, जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचं पाणी द्यायला शिकल्या, मुलांची वजनं करायला शिकल्या. जामखेडची जगभर ओळख झाली ती या बायकांमुळे. परदेशातल्या त्या वर्षानं आरोळ्यांना तयार उत्तर हातात दिलं नव्हतं. उत्तर चुकलं तर ते कशानं ओळखायचं आणि बेत कसा बदलायचा, हे मात्र ते शिकून आले होते.

1971 मध्ये तिथल्या गावांत हजार जन्मांमागं 176 बाळं वर्षाच्या आत दगावत होती. दोन-अडीच दशकांत तो आकडा पाचव्या हिश्शाच्याही खाली आला. जागतिक आरोग्य संघटनेनं 1975 मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या निवडक प्रयोगांचं पुस्तक काढलं, त्यात जामखेड होतं. 1978 मध्ये तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या अल्मा-आटा शहरात झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा आला, त्यामागच्या विचारमंथनात कार्ल टेलरही होते. 1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

[दृश्य: गडचिरोली. जंगलातली पायवाट. पाठीला पिशवी लावलेली आरोग्यदूत.]

पुढच्या पिढीत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातच डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग गेले. 1984 मध्ये तिथलं शिक्षण संपवून परतले आणि गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था उभी केली. बंगांच्या कामात मला सगळ्यात जास्त भावते ती मोजण्याची शिस्त. गावातल्या बायका आपल्या दुखण्याबद्दल बोलत नाहीत, हे सगळ्यांनाच माहीत होतं. पण मोजलं कुणी होतं? त्यांनी दोन गावांतल्या 650 बायकांची तपासणी केली. 92 टक्के जणींना स्त्रीरोग निघाले. त्याआधी कधीतरी तशी तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. 1989 मध्ये हे 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि बायकांचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढंच धरून चालणाऱ्या धोरणकर्त्यांना उत्तर देणं भाग पडलं. नवजात बाळांचंही तसंच. 39 गावांत आरोग्यदूतांनी घरी जाऊन बाळं सांभाळली आणि नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटले. 1999 मध्ये ते प्रसिद्ध झालं. आज तुमच्या गावातली आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी येते, बाळाचं वजन करते, ताप बघते. त्या भेटीचं मूळ तिथं आहे.

[दृश्य: टोकियोचा जुना फोटो. मग बॉस्टन, बर्फ पडलेला रस्ता.]

आरोळे आणि बंग रीतसर पदवीसाठी गेले होते. पण ज्यांना पदवी नको, ज्यांच्या हाताखाली एखादं खातं आहे, सह्यांचा अधिकार आहे आणि डोक्यात न सुटलेला एक प्रश्न आहे, त्यांचं काय? त्यांच्यासाठी वेगळ्या वाटा आहेत. त्यातली मला सगळ्यात मोलाची वाटते ती हार्वर्डची ताकेमी फेलोशिप.

तारो ताकेमी हे जपानी डॉक्टर. 1957 पासून सलग 25 वर्षं जपान मेडिकल असोसिएशनचे अध्यक्ष. सरकारशी इतके भांडले की लोक त्यांना 'केंका तारो' म्हणायचे, म्हणजे भांडखोर तारो. 1961 मध्ये जपाननं प्रत्येक नागरिकाला आरोग्य विम्याखाली आणलं. डॉक्टरांना मोबदला किती आणि कसा, यावरून ताकेमींची सरकारशी झुंज चालूच राहिली. 1971 मध्ये तर त्यांच्या हाकेवर डॉक्टरांनी महिनाभर विमा योजनेतून अंग काढून घेतलं. याच माणसाला उतारवयात प्रश्न पडला होता तो असा: साधनं मर्यादित असताना माणसं जगवायची कशी, वाटप कसं करायचं? त्यातून 1983 मध्ये हार्वर्डच्या सार्वजनिक आरोग्य विद्यालयात ही फेलोशिप सुरू झाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ताकेमी वारले.

तेव्हापासून दरवर्षी थोडेच लोक तिथं जातात. बहुतेक जण गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले. कुणी मंत्रालयातून येतं, कुणी विद्यापीठातून. साधारण दहा महिने तिथं राहायचं. प्रत्येकानं आपल्या देशातला एक प्रश्न घेऊन यायचा, त्यावर संशोधन लिहायचं आणि ते इतरांपुढं मांडायचं. मांडलं की बाकीचे ते उसवतात. घानाचा माणूस फिलिपाइन्सच्या माणसाला विचारतो, 'हे तुमच्याकडं झालं, पण पैसे कुणी दिले?' अशा खोलीत बसणं ही चैन आहे असं कुणाला वाटेल. आपल्याकडच्या आढावा बैठकीत जो कधी बसला असेल, त्याला तसं वाटणार नाही. तिथं उद्दिष्टाची टक्केवारी विचारतात. टक्केवारी का अडली, हे विचारायला वेळ नसतो.

[दृश्य: पांढरा कागद. मार्करनं काढलेली वर्तुळं, लहान-मोठी. एक हात त्यांच्यात रेघा ओढतो.]

हा कागद जरा जवळून बघा.

ताकेमी फेलोशिप ज्यांनी अनेक वर्षं चालवली ते मायकल राइश राज्यशास्त्राचे अभ्यासक. आरोग्यातला कुठलाही बदल आधी राजकारण असतो, हा त्यांच्या शिकवण्याचा गाभा. धोरण मधोमध लिहायचं. भोवती वर्तुळं काढायची, ज्यांना ज्यांना त्याचा धक्का लागेल त्या सगळ्यांची. ज्याची ताकद मोठी त्याचं वर्तुळ मोठं. बाजूनं कोण, विरोधात कोण, कुंपणावर कोण, ते लिहायचं. आणि मग विचारायचं की कुंपणावरचा आपल्या बाजूला कसा येईल.

उदाहरण बांगलादेशचं, राइश यांच्याच अभ्यासातलं. 1982 मध्ये तिथल्या सरकारनं औषध धोरण आणलं. सुमारे 1,700 निरुपयोगी किंवा घातक औषधं बाजारातून काढायची, अत्यावश्यक औषधांची यादी ठरवायची. कागदावर याच्याइतकं निर्विवाद काही नसेल. आता वर्तुळं काढा. परदेशी कंपन्या विरोधात, वर्तुळ मोठं. डॉक्टरांची संघटना नाराज. अमेरिकी दूतावास कंपन्यांच्या बाजूनं उभा. देशी औषध कारखानदार बाजूनं, कारण त्यांना बाजार मिळणार. गावातला रुग्ण बाजूनं, पण त्याचं वर्तुळ टाचणीच्या टोकाएवढं. तरी ते धोरण टिकलं, कारण नव्यानं आलेल्या लष्करी सरकारला ते हवं होतं आणि वेळ साधली गेली. हा कागद एकदा काढलेला अधिकारी पुन्हा कधीही 'योजना चांगली होती पण राबवली गेली नाही' असं म्हणून हात झटकत नाही.

[दृश्य: न्यूयॉर्क, मग अटलांटा. झपाट्यानं बदलणारी दृश्यं.]

श्रीमंत देशांनाही हे वर्ष लागतं. न्यूयॉर्कचा कॉमनवेल्थ फंड अॅना हार्कनेस यांनी 1918 मध्ये स्थापन केला, स्टँडर्ड ऑइल या तेल कंपनीच्या संपत्तीतून. नावात कॉमनवेल्थ असलं तरी ब्रिटिश राष्ट्रकुलाशी त्याचा संबंध नाही. 1925 पासून त्यांनी ब्रिटनच्या तरुणांना अमेरिकेत आणायला सुरुवात केली. शतक संपता संपता ही हार्कनेस फेलोशिप फक्त आरोग्य धोरणासाठी ठेवली गेली. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जर्मनी अशा देशांतले लोक वर्षभर अमेरिकेत येतात. ज्या देशात आरोग्यावर सगळ्यात जास्त पैसा खर्च होतो आणि तरी लाखो लोक विम्यावाचून राहतात, तिथं शिकायला. काय करावं तेही दिसतं आणि काय करू नये तेही.

आपल्याकडच्या लोकांना जास्त जवळची आहे ती हम्फ्री फेलोशिप. अमेरिकेचे उपाध्यक्ष राहिलेले ह्युबर्ट हम्फ्री 1978 च्या जानेवारीत गेले. त्याच वर्षी अध्यक्ष जिमी कार्टर यांनी त्यांच्या नावानं ती सुरू केली. किमान पाच वर्षं नोकरी झालेली हवी. साधारण दहा महिने, पदवी नाही. आरोग्यवाले अटलांटाच्या एमरी विद्यापीठातही जातात, आणि त्याच्या शेजारीच अमेरिकेचं रोगनियंत्रण केंद्र, सीडीसी. काही आठवडे एखाद्या संस्थेत प्रत्यक्ष काम करायचं. संपलं की मायदेशी परतायचं. परतण्याची ही अट मला या सगळ्या व्यवहाराचा कणा वाटते.

[दृश्य: रात्र. सरकारी निवासस्थानातलं स्वयंपाकघर. ओट्याशेजारच्या टेबलावर लॅपटॉप, बाजूला मुलीची दहावीची पुस्तकं.]

आता इकडं या. तालुका आरोग्य अधिकारी, नोकरीला पंधरा वर्षं झालेली. दिवसभर लसीकरणाची व्हिडिओ बैठक, उपकेंद्राच्या गळक्या छताचा पत्रव्यवहार, सापाचं औषध संपल्याचा फोन. रात्री अकराला फेलोशिपचा अर्ज उघडायचा. अर्ज विचारतो, 'तुम्हाला कोणता प्रश्न सोडवायचा आहे?' इंग्रजीत, ठरावीक शब्दांत. ज्याच्याकडं पंधरा वर्षांचे प्रश्न साठलेले आहेत, तो इथं अडतो. त्याला प्रश्न मराठीत येतो, माणसांच्या नावांसकट येतो. बाईला चौथ्या महिन्यापासून गोळ्या दिल्या, तरी बाळंतपणाच्या वेळी रक्त कमीच कसं? हा अस्सल धोरणाचा प्रश्न आहे. याहून चांगला प्रश्न अर्जात असूच शकत नाही. तो तसाच लिहा. इंग्रजी साधं असलं तरी चालेल. प्रश्न उसना नको.

अर्जाच्या पुढं रजेचा डोंगर आहे. अध्ययन रजेची तरतूद 1981 च्या महाराष्ट्र नागरी सेवा रजा नियमांत आहे. ना हरकत प्रमाणपत्र, बंधपत्र, आणि सगळ्यात अवघड गोष्ट, आपला कार्यभार घेणारा माणूस. शेजारच्या तालुक्याच्या अधिकाऱ्याकडं आधीच दोन तालुक्यांचा भार असेल, तर वरिष्ठ सही तरी कशी करणार? फाइल अडते ती अनेकदा दुष्टपणानं नाही, माणसं नाहीत म्हणून. पण मी कळकळीनं सांगते, ही सही झाली पाहिजे. दिल्ली-मुंबईत बसणाऱ्यांना अशा संधी कळतात, त्यांच्या शिफारसपत्रांना वजन असतं. धडगावच्या, मोखाड्याच्या, एटापल्लीच्या माणसाला ती मिळाली, तर त्याचा प्रश्न त्या टेबलावर पहिल्यांदाच पोचेल.

[दृश्य: जामखेड. प्रशिक्षण केंद्राची खोली, खाली सतरंज्या.]

जामखेडला आता जगभरातून लोक शिकायला येतात. आफ्रिकेतले, आशियातले, अमेरिकेतलेही. त्यात नोकरीची पंधरा-वीस वर्षं झालेले डॉक्टर असतात, कार्यक्रम चालवणारे अधिकारी असतात. काही आठवडे काम सोडून आलेले. सकाळी ते सतरंजीवर मांडी घालून बसतात. समोर गावातली आरोग्य कार्यकर्ती असते. नऊवारी नेसलेली, केस पिकलेले. ती कापडी बाहुली उचलते, डोकं कसं धरायचं ते दाखवते आणि बाहुली पहिल्या रांगेतल्या डॉक्टरच्या हातात देते. दुभाषी तिचं मराठी इंग्रजीत सांगू लागतो. डॉक्टरनं वही बाजूला ठेवलेली असते, दोन्ही हात बाहुलीखाली असतात.