चुंबक गुंडाळीच्या आत की गुंडाळीखाली?

(विलेपार्ले येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

परळच्या माझ्या खोलीवर इलेक्ट्रिक गिटारचे पिकअप (तारांच्या कंपनांचे विद्युत्संकेतात रूपांतर करणारे, चुंबक व तांब्याच्या तारेची गुंडाळी असलेले भाग) बनवून घ्यायला येणारे वादक गुंडाळीच्या तारेची जाडी किंवा वेढ्यांची संख्या विचारण्याआधी चुंबकाची चौकशी करतात. अल्निको आणि फेराइट या चुंबकांच्या जाती, आकडा प्रतीचा: अल्निको पाच म्हणजे लख्ख, अल्निको दोन म्हणजे मऊ, फेराइट म्हणजे कर्कश, ही वर्गवारी बहुतेकांना पाठ असते. ती निराधार आहे असे मी म्हणणार नाही. मात्र तिच्यात चुंबक पिकअपमध्ये कोणत्या जागी बसला आहे याचा विचारच नसतो, आणि माझ्या मते निम्मे उत्तर त्या जागेतच असते.

तंबोऱ्याची जवारी लावताना तार घोडीच्या पृष्ठभागाला कशी स्पर्श करते यावर सारा नाद ठरतो. पिकअपमध्ये तारेला कशाचाही स्पर्श होत नाही. चुंबकाच्या सान्निध्यात पोलादी तार स्वतः चुंबकीय होते, ती कंप पावली की गुंडाळीतून जाणारे चुंबकीय क्षेत्र कमीजास्त होते, आणि फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे गुंडाळीत विद्युत्दाब निर्माण होतो. नायलॉनच्या तारा लावलेल्या गिटारवर असा पिकअप मुका राहतो तो यामुळेच.

तारेला चुंबकीय करणे हे चुंबकाचे पहिले काम झाले. दुसरे काम सहसा लक्षात येत नाही: फेंडर या गिटार कंपनीच्या पद्धतीच्या एकेरी गुंडाळीत सहा अल्निको कांड्यांभोवतीच तांब्याची तार गुंडाळलेली असते, त्यामुळे तेथे चुंबक हाच गुंडाळीचा गाभा होतो. गाभ्याच्या धातूवर गुंडाळीचा इंडक्टन्स (बदलत्या विद्युतप्रवाहाला विरोध करण्याचा गुण) अवलंबून असतो, आणि इंडक्टन्स व केबलची धारकता मिळून आवाजातील कोणत्या पट्टीला उठाव मिळेल हे ठरवतात. इंडक्टन्स २.५ हेन्री आणि केबलची धारकता ५०० पिकोफॅरड धरली, तर या उठावाचे शिखर सुमारे ४,५०० हर्ट्झवर येते. गाभा बदलल्यामुळे इंडक्टन्स ३.५ हेन्री झाला, तर तेच शिखर ३,८०० हर्ट्झच्या आसपास उतरते. वादक ज्याला ‘आवाज जाड झाला’ म्हणतात, ते बहुधा हेच असते.

अल्निको हे नाव ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट यांच्या आद्याक्षरांतून आले आहे, बाकीचा मोठा भाग लोखंडाचा. (गंमत अशी की अल्निको तीनमध्ये कोबाल्ट नसतोच.) अल्निको पाच थंड होत असताना त्याला चुंबकीय क्षेत्रात ठेवतात, त्यामुळे त्याची शक्ती एका दिशेला एकवटते आणि सुमारे १२,५०० गाउसपर्यंत (गाउस हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) जाते, दोन क्रमांकाची मजल साधारण ७,५०० गाउसपर्यंतच असते. फेराइटचा हा आकडा ४,००० च्या आसपास, म्हणजे त्याहूनही कमी असतो, तरी त्याला जोरकस म्हणतात, कारण तो सहजासहजी आपले चुंबकत्व सोडत नाही. अल्निकोची कांडी लांब ठेवावी लागते, आखूड केली की ती स्वतःच्याच क्षेत्राने दुबळी होते. फेराइटची पट्टी मात्र चपटी असली तरी चालते.

स्वस्त गिटारींमध्ये गुंडाळीच्या आत पोलादी कांड्या आणि खाली चिकटवलेली फेराइटची पट्टी अशी रचना सर्रास आढळते. त्यांचा आवाज दबका येतो आणि दोष फेराइटला दिला जातो. वास्तविक इंडक्टन्स वाढवते ते आतले पोलाद, आणि उंच स्वरांतील ऊर्जा खाणारे, भोवऱ्यासारखे फिरणारे विद्युतप्रवाहही पोलादातच उठतात. फेराइट तर जवळजवळ वीजरोधक आहे. त्याच्यात असे प्रवाह नगण्य असतात. हाच फेराइट दुहेरी गुंडाळीच्या हंबकरमध्ये कर्कश ठरतो आणि एकेरीत मंद, ही परस्परविरोधी कीर्ती त्याला त्याच्या शेजाऱ्यांमुळे मिळाली आहे.

हंबकरमध्ये, म्हणजे गिब्सन या गिटार कंपनीच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये ज्याच्या पेटंटसाठी अर्ज केला त्या रचनेत, चुंबकाची पट्टी दोन्ही गुंडाळ्यांच्या खाली असते आणि गाभ्याचे काम पोलादी स्क्रू व खुंट्या करतात. पट्टी बदलल्याने तेथे मुख्यतः क्षेत्राचा जोर बदलतो, इंडक्टन्स फारसा हलत नाही. तळाचे स्क्रू सैल करून पट्टी सरकवायची, एवढेच काम असल्यामुळे तुलना करायला हीच रचना सर्वांत सोयीची आहे. फक्त जोरकस चुंबकाचा आवाज मोठा येतो आणि मोठा आवाज कानाला नेहमीच अधिक उजळ, अधिक भरीव वाटतो. पिकअप खाली उतरवून दोन्हींची पातळी सारखी केल्याखेरीज केलेल्या तुलनेवर मी विश्वास ठेवत नाही. पातळी जुळवल्यावर निम्मे वाद मिटतात, असे मी अनेकदा पाहिले आहे.

जोराचा आणखी एक परिणाम तारेच्या ओढीत दिसतो. अल्निको पाचच्या कांड्या जाड तारेच्या फार जवळ आणल्या तर वरच्या पडद्यांवर स्वर डळमळतो, जणू एकाच तारेतून दोन जवळचे स्वर निघत आहेत. अल्निको दोन किंवा तीन असेल तर पिकअप बराच वर उचलता येतो. त्यांच्या मऊपणाचा काही वाटा मी या मोकळ्या सुटलेल्या तारेलाही देतो.

मुंबईची दमट हवा चुंबकाला बिघडवते का, असे एका श्रोत्याने विचारले. चुंबकत्वाला तिचा धोका नाही. अल्निकोला खरी भीती दुसऱ्या बलवान चुंबकाची, म्हणून सुट्या कांड्या मी स्पीकरपासून दूर ठेवतो. दमटपणाचा त्रास होतो तो केसाएवढ्या, ०.०६३ मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेला. जुन्या पद्धतीत ती थेट कांड्यांवर गुंडाळतात. कांड्यांवर गंज धरला की तारेवरचा मुलामा जातो आणि सर्वांत आतला वेढा तुटतो, जेथे हात पोहोचत नाही. अशा वेळी सगळी गुंडाळी उसवून नवी घालावी लागते. म्हणून मी पहिला वेढा घालण्यापूर्वी कांड्यांवर लाखेचा पातळ हात देतो आणि तो रात्रभर वाळू देतो. पावसाळ्यात दोन रात्री.