पोवळ्याचं चुलत भावंड

मंडळी, इकडे येताना सराफ बाजारातून आलो. जळगावात सोन्यासाठी लांबलांबून माणसं येतात आणि मंगळ कडक असला की पोवळ्याची अंगठीही करून नेतात. आज ज्या प्रवाळाबद्दल बोलायचंय ते या पोवळ्याचं चुलत भावंड. पोवळं खोल, अंधाऱ्या पाण्यातलं. हे उथळ, उबदार समुद्रातलं, आणि त्याचा सांगाडा पांढराफेक. ज्योतिषाला त्याचा उपयोग नाही, कारण या प्रवाळाला फक्त मागचं ठाऊक असतं: समुद्र कधी तापला, पाऊस कधी झाला.

आपली तापी सुरतेजवळ समुद्राला मिळते, तिथल्या गढूळ पाण्यात याचं जमत नाही. त्यासाठी लक्षद्वीप गाठावं लागतं. अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीनं तिथल्या प्रवाळांवर काम केलंय.

प्रवाळाचा जीव वरच्या काही मिलिमीटरांत असतो. त्याखाली चुन्याचा सांगाडा साचत जातो, पोराइटीस जातीत वर्षाला साधारण 1 सेंटीमीटर. आपण शेतात बोअर मारतो तसं त्यात भोक पाडून गाभा काढायचा. त्याचा पातळ काप घेऊन, मोडलेल्या हाताचा काढतात तसा एक्स-रे काढला की दाट-विरळ पट्टे दिसतात. एक जोडी म्हणजे एक वर्ष. हे पक्कं कशावरून? पॅसिफिकमधल्या एनिवेटॉक बेटांवर अमेरिकेनं अणुचाचण्या केल्या होत्या. स्फोटांची वर्षं माहीत होती, आणि त्यांच्या किरणोत्साराच्या खुणा प्रवाळात बरोबर त्या त्या पट्ट्यात सापडल्या. तो शोधनिबंध छापून आला 1972 साली.

1972 म्हटल्यावर थोरल्या मंडळींना दुसरंच आठवलं असेल. माझी आजी लग्नं, बाळंतपणं, म्हशीची खरेदी, सगळं 'बहात्तरना दुकाय', म्हणजे बहात्तरचा दुष्काळ, धरून सांगायची. त्या वर्षी पॅसिफिकमध्ये एल निनो होता, म्हणजे विषुववृत्ताजवळचं पाणी नेहमीपेक्षा तापलं होतं.

आता रसायनाकडे. सांगाडा रचला जाताना कॅल्शियमच्या जागी थोडं स्ट्रॉन्शियम घुसतं, फटाक्यांना लाल रंग देणारं तेच. पाणी गार असेल तर जास्त, कोमट असेल तर कमी. एका अंशामागे फरक एक टक्क्याहूनही कमी, पण यंत्राला तेवढा पुरतो. दुसरा साक्षीदार ऑक्सिजन. त्याचा एक प्रकार हलका, 16 वजनाचा, दुसरा जड, 18 चा. पाणी एक अंश तापलं की सांगाड्यातला जड ऑक्सिजन हजारात सुमारे 0.2 नं घटतो. पण इथे घोटाळा आहे. जड ऑक्सिजन वाफेत कमी जातो, म्हणून पावसाचं पाणी मुळातच हलकं. बेटावर धो धो पाऊस झाला, तरी प्रवाळ सांगणार, 'पाणी तापलं होतं.' स्ट्रॉन्शियमला मात्र पावसाचं फारसं सोयरसुतक नाही. तेव्हा तापमान त्याच्याकडून घ्यायचं, ऑक्सिजनच्या आकड्यातून वजा करायचं. उरतो तो खारेपणाचा, म्हणजे बव्हंशी पावसाचा माग. मला तर सगळ्या महागड्या यंत्रांपेक्षा ही वजाबाकीच जास्त आवडते.

पॅसिफिकमधल्या किरिबाती देशाच्या तारावा बेटावर एल निनोच्या वर्षी झड लागते, आणि बरेचदा त्याच वर्षी आपल्याकडे पाऊस दडी मारतो. तिथल्या प्रवाळाच्या हलक्या ऑक्सिजनमध्ये ती वर्षं उमटलेली असतात. एका सेंटीमीटरमधून बारा नमुने कोरले तर जवळपास महिन्यामहिन्याचा हिशेब मिळतो, समुद्रात कोणी थर्मामीटर बुडवत नव्हतं त्या काळाचासुद्धा.

चिठ्ठी आलीय: 'यावरून आपल्या कपाशीच्या हंगामाचा अंदाज येईल का?' नाही येणार. 1997 चा एल निनो शतकातल्या सर्वांत जोरदारांपैकी, तरी त्या साली देशात मोसमी पाऊस सरासरीइतका झाला. प्रवाळ आपल्या भोवतीच्या पाण्याचं सांगतं. चाळीसगावात मृग बरसला की नाही, हे त्याला कुठून कळणार? त्यासाठी झाडांकडे जावं लागतं. पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत सागाच्या वलयांवरून जुन्या पावसाचा अभ्यास झालाय, आणि साग तर आपल्या यावलच्या जंगलातही आहे.