रक्तसाक्षी ते संत

मराठी ख्रिस्ती परंपरेत हुतात्म्याला ‘रक्तसाक्षी’ म्हणतात, आणि हा शब्द मूळ ग्रीक ‘मार्तुस’शी इमान राखतो, कारण मार्तुस म्हणजे साक्ष देणारा, मरण हा त्या साक्षीचा शेवटचा भाग.

दुसऱ्या शतकाच्या मध्यास स्मुर्णा येथे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील इझमिर शहरात, वृद्ध बिशप पॉलिकार्प यांना ख्रिस्ताची निंदा करण्यास फर्मावले गेले. ‘८६ वर्षे मी त्याची सेवा केली, त्याने माझे काहीही वाईट केले नाही’, असे म्हणून त्यांनी नकार दिला आणि त्यांना चितेवर चढवण्यात आले. तेथील ख्रिस्ती मंडळीच्या पत्रात नोंद आहे, की रत्नांहून मोलाच्या त्यांच्या अस्थी गोळा करून योग्य जागी ठेवल्या आणि दरवर्षी तेथे जमून त्यांच्या मृत्यूचा दिवस ‘जन्मदिवस’ म्हणून साजरा करण्याचा निश्चय केला. संत ठरवण्याची रीत तेव्हा एवढीच होती. कबर कुठे आहे आणि तिथी कोणती, हे गावाला ठाऊक असले की पुरे. रोमची संमती कोणी मागत नसे.

पुढे ती मागावी लागली. ९९३ मध्ये पोप पंधरावे जॉन यांनी ऑग्सबर्गचे बिशप उलरिख यांना संत घोषित केले, १२३४ मध्ये हा अधिकार कायद्याने पोपकडेच राखला गेला आणि १५८८ मध्ये छाननीसाठी खातेही उभे राहिले.

या छाननीत रक्तसाक्षीला एक सवलत आहे : ‘धन्यवादित’ (संतपदाच्या आधीची पायरी) ठरण्यासाठी त्याच्या नावावर चमत्कार लागत नाही. मात्र मारणाऱ्याने श्रद्धेच्या द्वेषापोटीच मारले, हे दाखवावे लागते. चौकशी संताची आणि तपासायचे मारेकऱ्याचे मन, हे थोडे चमत्कारिकच.

पोलंडचे फ्रान्सिस्कन धर्मगुरू मॅक्सिमिलियन कोल्बे यांच्या बाबतीत हाच पेच पडला. १९४१ मध्ये आउश्वित्झच्या छळछावणीत उपासमारीने मारण्यासाठी दहा कैदी निवडले गेले. त्यांपैकी एक जण बायकामुलांसाठी आक्रोश करू लागला, तेव्हा कोल्बे यांनी त्याची जागा मागून घेतली. १४ ऑगस्टला विषारी इंजेक्शन देऊन त्यांना मारण्यात आले. हा मृत्यू श्रद्धेसाठी होता, की शेजाऱ्यावरील प्रीतीसाठी? १९७१ मध्ये त्यांना धन्यवादित घोषित केले गेले, ते रक्तसाक्षी म्हणून नव्हे. १० ऑक्टोबर १९८२ रोजी मात्र पोप दुसरे जॉन पॉल यांनी, तज्ज्ञांचे एकमत नसतानाही, त्यांना रक्तसाक्षी म्हणूनच संतपद दिले. ज्याच्या जागी ते मेले, तो कैदी त्या सोहळ्याला हजर होता.