आधी पाहू, मग वाचू, शेवटी माहिती

नमस्कार श्रोतेहो.

अमेरिकन माणूस म्हणजे नेमका कोण, हा प्रश्न आठ-दहा जणांनी एकत्र बसून कसा उलगडावा, हा आजचा विषय आहे. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला २०२६ मध्ये २५० वर्षं होतात. न्यू जर्सीत, टेक्सासमध्ये, कॅलिफोर्नियात आपली कितीतरी मराठी घरं आहेत. तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयांत अशा बैठकांसाठी खोली मिळते, आणि बहुतेक ठिकाणी ती फुकट मिळते. तेव्हा हे करण्यासारखं आहे, आणि नीट करण्यासारखं आहे.

नीट म्हणजे कसं? क्रम लक्षात ठेवा. आधी पाहायचं, मग वाचायचं आणि वाचलेल्यावर बोलायचं. चित्राची, लेखकाची, काळाची माहिती सगळ्यांत शेवटी. बहुतेक मंडळी नेमकं उलटं करतात. आधी वीस मिनिटं इतिहास सांगतात आणि मग चित्र दाखवतात. तोवर प्रत्येकाला चित्रात काय दिसायला हवं ते कळलेलं असतं, आणि कुणीच पाहत नाही. संग्रहालयातसुद्धा लोक आधी शेजारची पाटी वाचतात आणि नंतर चित्राकडे एक नजर टाकतात. माझं स्पष्ट मत आहे की पाट्या पुढच्या दालनात लावाव्यात. असो.

पहिल्या बैठकीसाठी एकच चित्र घ्या. १९४२ सालचा एक कृष्णधवल फोटो. एक कृष्णवर्णीय स्त्री समोर उभी आहे. डोळ्यांवर चष्मा, अंगात ठिपक्यांचा झगा. एका बाजूला उभा धरलेला झाडू, दुसऱ्या बाजूला लादी पुसायचा मॉप. मागे भिंतीवर अमेरिकेचा झेंडा, पट्टे उभे लोंबणारे. बाई स्पष्ट आहे, झेंडा थोडा धूसर आहे.

या फोटोची हकिगत मला फार प्रिय आहे. बैठकीत ती शेवटी सांगायची, पण तुम्हाला आत्ताच सांगतो, कारण बैठक तुम्ही चालवणार आहात.

फोटो काढणारे गॉर्डन पार्क्स. १९१२ साली कॅन्सस राज्यातल्या फोर्ट स्कॉट गावी जन्म, पंधरा भावंडांत धाकटे. पियानो वाजवून पोट भरलं, आगगाडीच्या डायनिंग कारमध्ये वेटरचं काम केलं. त्या गाडीत कुणीतरी मागे टाकलेल्या एका मासिकात त्यांनी देशोधडीला लागलेल्या शेतमजुरांचे फोटो पाहिले. ते फोटो काढवून घेतले होते फार्म सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशन नावाच्या सरकारी खात्याने. ते पाहून पार्क्स यांनी गहाणवटीच्या दुकानातून एक जुना कॅमेरा विकत घेतला. आणि १९४२ मध्ये, रोझेनवाल्ड शिष्यवृत्ती मिळवून, ते त्याच खात्यात वॉशिंग्टनला रुजू झाले.

खात्याच्या फोटो विभागाचे प्रमुख होते रॉय स्ट्रायकर. त्यांनी या नव्या माणसाचा कॅमेरा काढून घेतला आणि सांगितलं, आज फोटो नको. शहरात जा. दुकानात जाऊन एक कोट घे, कुठेतरी जेव, सिनेमा बघ, आणि मग परत ये.

पार्क्स गेले. दुकानात कोट मिळाला नाही. जेवायला बसले तिथे सांगितलं, मागच्या दाराने ये. सिनेमागृहात आत घेतलं नाही. लक्षात घ्या, हे दूर दक्षिणेतलं कापसाचं गाव नव्हतं. ही राजधानी होती. देश हिटलरविरुद्ध स्वातंत्र्याची लढाई लढत होता, आणि त्याच देशाच्या राजधानीत सरकारी नोकरीवर आलेल्या माणसाला कोट विकत मिळत नव्हता.

ते संतापून परत आले. हे सगळं फोटोत पकडायचं, म्हणाले. स्ट्रायकर यांनी जे समजावलं ते फार मोलाचं आहे. त्याचा आशय असा: त्या विक्रेत्याचा फोटो काढून खाली ‘हा द्वेष्टा’ असं लिहिलंस तर काही साधणार नाही. द्वेष करणारा माणूस दिसायला चारचौघांसारखाच असतो. त्यापेक्षा ज्यांनी या शहरात जन्म काढला अशा कुणाशी तरी बोल. आणि इमारतीत झाडलोट करणाऱ्या एका बाईकडे त्यांनी बोट दाखवलं.

तिचं नाव एला वॉटसन. पार्क्स तिच्याशी बोलत बसले. आधी बोलले, हे पुन्हा सांगतो, आधी बोलले. तिच्या वडिलांना झुंडीने ठार मारलं होतं. आई गेली. लग्न झालं, आणि मुलगी जन्मायच्या दोन दिवस आधी नवरा गोळी लागून मेला. पुढे ती मुलगीही तरुणपणीच वारली, मागे लहान मुलं ठेवून. सरकारी नोकरीत २६ वर्षं काढलेली ही बाई वर्षाला १,०८० डॉलर पगारावर, म्हणजे महिन्याला ९० डॉलरवर, सहा जणांचं घर चालवत होती. जिचं ऑफिस ती झाडायची ती गोरी बाई तेवढीच शिकलेली होती आणि तिच्याबरोबरच नोकरीला लागली होती, असंही पार्क्स यांनी पुढे सांगितलं आहे.

मग त्यांनी तिला झेंड्यासमोर उभं केलं. एका हाताशी झाडू दिला, दुसरीकडे मॉप ठेवला, आणि तो फोटो काढला. स्ट्रायकर यांनी पाहिला तेव्हा ते हबकले. कल्पना बरोबर आहे, पण यापायी आपल्या सगळ्यांच्या नोकऱ्या जातील, अशा अर्थाचं ते बोलले.

आणि गोष्ट इथे संपत नाही. बैठका चालवणारे बहुतेक जण इथेच थांबतात, आणि तिथेच चूक होते. स्ट्रायकर यांनी सांगितलं, तिच्याबरोबर आणखी राहा. पार्क्स पुढचे काही आठवडे तिच्या मागे फिरले. तिच्या घरी गेले, नातवंडांबरोबर जेवताना पाहिलं, दुकानात गेले, तिच्या चर्चमध्ये गेले. झेंड्यासमोरच्या फोटोत ती एका अन्यायाची खूण आहे. स्वयंपाकघरातल्या फोटोंत ती आजी आहे. चर्चमध्ये ती मानाची बाई आहे. म्हणून पहिल्या फोटोनंतर घरातला एक आणि चर्चमधला एक असे आणखी दोन फोटो दाखवाच. नाहीतर तुमच्या मंडळींच्या मनात एला वॉटसन कायमची झाडू घेऊनच उभी राहील, आणि तो तिच्यावर दुसरा अन्याय होईल.

आता कृतीकडे वळू. हे फोटो सरकारी कामातले असल्यामुळे लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर कुणालाही उतरवून घेता येतात. मोठी फाईल घ्या. छोटी घेतली की चेहऱ्यावरची छटा जाते. मॅट कागदावर ए-थ्री आकाराची एक प्रत भिंतीसाठी, आणि दोघांत एक अशा ए-फोरच्या प्रती. चकचकीत कागद नको, दिव्याची तिरीप येते. प्रोजेक्टरही नको, उजेडाच्या खोलीत करडे रंग सगळे एक होतात.

वेळ दीड तास. माणसं आठ ते दहा. बाराच्या वर गेलात की चौघं बोलतात आणि बाकीचे ऐकतात. सुरुवातीला तीन मिनिटं सगळे गप्प. घड्याळ लावून तीन मिनिटं. मग तीनच प्रश्न, आणि पुनःपुन्हा तेच: या चित्रात काय चाललंय? तुम्हाला असं कशावरून वाटतं? आणखी काय दिसतं? यातला दुसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. ‘कशावरून वाटतं’ विचारलं की माणूस स्वतःच्या मतावरून उठून चित्राकडे परत जातो. कुणी चालू निवडणुकीवर घसरला तरी हाच प्रश्न विचारा. वीस मिनिटं पुरे.

कुणी बोलेना झालं तर मनात दहापर्यंत मोजा, घाईने स्वतः बोलू नका. ज्याला हकिगत आधीच माहीत असते तो पहिल्या दोन मिनिटांत ती सांगून टाकतो. असा कोण आहे ते आधी विचारून ठेवा, आणि शेवटी माहिती सांगायचं काम त्यालाच द्या. आणि गटात कृष्णवर्णीय सदस्य असेल तर ‘तुमच्या लोकांना काय वाटतं’ असं त्याला कधीही विचारू नका. तो एक माणूस म्हणून आला आहे, समाजाचा वकील म्हणून नाही.

पाहून झालं, आता वाचन. मोठ्याने. मोठ्याने वाचणं आपल्या घरांतून गेलं याचं मला खरंच वाईट वाटतं. पूर्वी पोथी असो, वर्तमानपत्र असो, एक वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. ऐकताना माणूस मध्येच पुढचं पान चाळू शकत नाही, ही किती मोठी सोय होती.

वाचायला जाहीरनाम्याचा दुसरा परिच्छेद घ्या, सगळी माणसं समान आहेत असं सांगणारा. आणि त्याला जोडून फ्रेडरिक डग्लस यांचं ५ जुलै १८५२ चं रॉचेस्टरमधलं भाषण. डग्लस गुलामगिरीत जन्मले आणि १८३८ मध्ये तिथून निसटले. हा चार जुलैचा, स्वातंत्र्यदिनाचा सण तुमचा आहे, माझा नाही, असं ते समोरच्या गोऱ्या श्रोत्यांना सांगतात. पण फक्त तो संतापाचा भाग कापून वाचू नका. भाषणाच्या सुरुवातीला ते देशाच्या संस्थापकांची मनापासून स्तुती करतात, आणि शेवटाकडे राज्यघटनेला स्वातंत्र्याचा थोर दस्तऐवज म्हणतात. तिन्ही ठिकाणचा एकेक परिच्छेद घ्या. सगळं मिळून पंधरा मिनिटांत बसवा. मग अर्धा तास त्यावर चर्चा. तुम्ही आणि आम्ही हे शब्द डग्लस कुठे वापरतात यावर पेन्सिलीने खुणा करायला सांगा, चर्चा आपोआप उभी राहते.

आपल्याकडून तिकडे जाणारा एक धागा आहे, तो मराठी मंडळींनी जरूर सांगावा. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या, गुलामगिरी मोडून काढणाऱ्या भल्या लोकांना.

मग माहिती, पंधरा मिनिटं, शेवटी. आणि त्याबरोबर ग्रँट वुड यांचं १९३० चं चित्र दाखवा. दातेरी काटा धरलेला शेतकरी, शेजारी बाई, मागे उभट खिडकीचं लाकडी घर. ते शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. घर आयोवातल्या एल्डन गावचं, पण शेतकरी म्हणून उभा आहे तो वुड यांचा दंतवैद्य, आणि बाई म्हणजे त्यांची बहीण. ‘अमेरिकन गॉथिक’ हे त्या चित्राचं नाव, आणि एला वॉटसनच्या फोटोलाही पुढे तेच नाव मिळालं. दोन्ही शेजारी टांगा आणि पुन्हा तोच पहिला प्रश्न विचारा.

चहा बैठक संपल्यावर. मध्ये चहा आला की दोन-दोनांचे गट पडतात आणि ती चर्चा परत जुळत नाही.

दुसऱ्या बैठकीला स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यावरची कविता घ्या. एमा लाझारस यांनी ती १८८३ मध्ये लिहिली आणि तिचा फलक १९०३ मध्ये तिथे लागला. चौदाच ओळी आहेत, त्या दोनदा वाचा. तिसऱ्या बैठकीला भगत सिंग थिंड यांचा खटला. १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की हा भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने गोरा नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही. ती दारं भारतीयांना उघडली १९४६ मध्ये. निकाल लहान आहे. सगळ्यांना तो आठवडाभर आधी द्या, आणि बैठकीत फक्त शेवटची दोन पानं मोठ्याने वाचा. नमस्कार.