फाइल तीच असते, नाव गळतं

नमस्कार श्रोतेहो.

परवा रात्री भाचीचा फोन आला. आवाज रडवेला. "मामा, मी प्रमाणपत्राची पीडीएफ मेलनं पाठवली होती. ते म्हणतात, पीडीएफ आलीच नाही. 'नोनेम' नावाचं काहीतरी आलंय आणि ते उघडत नाहीये. सगळं पुन्हा स्कॅन करायला बसू का?" मी म्हटलं, "अगं थांब. स्कॅनर बंद कर. तुझं प्रमाणपत्र त्यांच्याकडे पोचलंय. त्याचं नाव तेवढं वाटेत गळालंय."

आज मुद्दाम हा विषय घेतलाय, कारण असं काही झालं की माणूस स्वतःलाच दोष देतो. आपल्याला कॉम्प्युटर जमत नाही म्हणून खजील होतो, जागरण करून तीच कागदपत्रं पुन्हा तयार करतो. बहुतेक वेळा त्याची काहीच गरज नसते. आतला मजकूर जसाच्या तसा असतो.

मेलची व्यवस्था मुळात साध्या इंग्रजी अक्षरांसाठीच बांधलेली. तिच्यातून चित्रं, आवाज, कागदपत्रं धाडायची रीत 1992 साली नॅथानिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी घालून दिली. तिला माइम म्हणतात. तुम्ही फाइल जोडली की तिच्या दर 3 बाइटची 4 अक्षरं होतात, ती मेलमधून जातात आणि पलीकडे त्यांची पुन्हा फाइल होते. 20 एमबीची फाइल वाटेत 27 एमबीच्या आसपास फुगते ती यामुळेच. फाइलसोबत एक चिठ्ठी जाते: आत कुठल्या प्रकारचं काय आहे, आणि त्याचं नाव काय. घोळ होतो तो बहुधा या चिठ्ठीत.

भाचीनं फाइलला नाव दिलं होतं 'प्रमाणपत्र'. नेहमीच्या मेलच्या चिठ्ठीत देवनागरी सरळ लिहीत नाहीत, संकेतात लिहितात. जोडाक्षरं सोडवून मोजा, या शब्दात 10 चिन्हं आहेत. प्रत्येक चिन्हाचे 3 बाइट, आणि एका प्रचलित पद्धतीत प्रत्येक बाइट लिहायला 3 अक्षरं. झाली 90. मेलची एक ओळ शक्यतो 78 अक्षरांच्या आत ठेवावी, असा नियम. मग नावाचे तुकडे पडतात. पलीकडच्या प्रोग्रॅमला ते जुळवता आले नाहीत, तर नाव जातं आणि त्याच्या शेपटाला असलेलं 'डॉट पीडीएफ'ही जातं. मला याचं खरंच वाईट वाटतं. आपल्या लिपीत नाव ठेवलं, यात तिची काय चूक? तरी उद्या शेवटची तारीख असेल तर आज रोमन अक्षरांत, आखूड नाव द्या.

तिकडच्या माणसाला तिनं एवढंच कळवलं: फाइल सेव्ह करा, नावाच्या शेवटी टिंब द्या आणि पुढे पीडीएफ लिहा. फाइल उघडली. विंडोजवर हे करण्याआधी फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये जाऊन 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' सुरू करून घ्या, नाहीतर खरं शेपूट दिसतच नाही.

पण शेवटी काय लिहायचं हे कसं ओळखायचं? फाइल नोटपॅडमध्ये उघडा. सगळा गिचमिड मजकूर दिसेल, घाबरू नका. अगदी पहिली अक्षरं बघा आणि काही सेव्ह न करता बंद करा. सुरुवातीला टक्क्याचं चिन्ह आणि पुढे पीडीएफ असेल, तर ती पीडीएफ. सुरुवातीला पी आणि के असेल, तर ती झिप, म्हणजे फाइली दाबून एकत्र बांधलेलं गाठोडं. झिपची पद्धत काढणाऱ्या फिल कॅट्झ यांच्या नावाची ही आद्याक्षरं.

इथेच आणखी एक कोडं सुटतं. वर्डची फाइल पाठवली आणि झिप होऊन आली, अशी तक्रार कितीतरी जण करतात. 2007 च्या ऑफिसपासून वर्डची डॉक्स (डी-ओ-सी-एक्स) फाइल ही मुळातच झिप असते. चिठ्ठीत प्रकार नीट लिहिलेला नसला की पलीकडचा प्रोग्रॅम आत डोकावतो आणि झिप ठरवून मोकळा होतो. ती उलगडत बसू नका. शेवटचं झिप खोडून डॉक्स लिहा. मात्र नाव बदलल्यानं फाइलची जात बदलत नाही. वर्डच्या फाइलला नुसतं पीडीएफ म्हटलं म्हणून ती पीडीएफ होत नाही, त्यासाठी वर्डमधूनच पीडीएफ म्हणून सेव्ह करावी लागते.

आणि ही सगळी खटपट ओळखीच्या माणसाच्या, अपेक्षित फाइलसाठीच. अनोळखी मेलमधल्या फाइलला हात लावू नका. शेवटी 'डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई' असेल तर मुळीच नाही. ते कागदपत्र नाही, तो चालणारा प्रोग्रॅम आहे.

नाव बदलून सुटत नाही असा एक प्रकार राहिला: 'विनमेल डॉट डॅट'. आउटलुकमधून रिच टेक्स्ट प्रकारात मेल गेला की मजकुराची सजावट आणि जोडलेल्या फाइली एकाच गाठोड्यात बांधल्या जाऊ शकतात. ते गाठोडं दुसऱ्या अनेक प्रोग्रॅमांना सोडता येत नाही. ते सोडून देणाऱ्या वेबसाइटी आहेत, पण आपली खाजगी कागदपत्रं परक्या ठिकाणी चढवणं मला पटत नाही. उपाय पाठवणाऱ्याच्या हातात आहे आणि तो एका मिनिटाचा आहे. म्हणून त्याला न संकोचता एवढंच लिहा: "तुमची फाइल विनमेल डॉट डॅट म्हणून आली आहे. कृपया 'फॉरमॅट टेक्स्ट'मध्ये जाऊन एचटीएमएल निवडा आणि मेल पुन्हा पाठवा."

नमस्कार.